विलायतेतली राखण

त्या रविवारी सकाळी मी हायवेच्या पुलाखाली सायकल टेकवून सिदूच्या नावानं खडे फोडत उभा होतो. सिदू वेळेचा पक्का कधीच नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण माणूस गेला की लोक त्याला लगेच देव्हाऱ्यात बसवतात, आणि सिदू तिथं पाच मिनिटंसुद्धा टिकायचा नाही. दर रविवारी उंब्रजहून चाफळला सायकलनं जायचं, तिथं चहा घ्यायचा आणि उन्हं तापायच्या आत परत यायचं, हा आमचा कित्येक वर्षांचा नेम. त्यात दर रविवारी मी आधी पोचायचो आणि तो मागून यायचा. त्या दिवशी आला नाही, तेव्हा मीच फोन केला. पारूवहिनींनी उचलला. म्हणाल्या, "भावजी, जरा घराकडं येता का? ह्ये उठंनात." मी आपला नेहमीच्या तोऱ्यात बोललो, "तोंडावर पाणी मारा, वहिनी. लय आळशी झालाय तो." मग त्या हळूच म्हणाल्या, "मारलं, भावजी..." त्यानंतर सायकलवर कसा बसलो आणि त्यांच्या दारात कसा उतरलो, ते मला आजही आठवत नाही.

त्याला आता दीड महिना होत आला. मी उंब्रजच्या पेठेत कापड विकणारा माणूस. माझा बाप तेच करायचा, आजाही तेच करायचा. लेख लिहिणं हे आमच्या घराण्यातलं काम नव्हे. पण पोटात एक गोष्ट आहे आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. नावं बदलून लिहावं असं आधी ठरवलं होतं. सिदूला दुसरं नाव देऊन बघितलं, तर तो माणूस ओळखीचाच वाटेना. म्हणून आहे ते नाव ठेवलं.

सिदू मूळचा आटपाडीकडचा, धनगराच्या घरातला. आमच्या गावच्या शाळेत तो पी.टी.चा मास्तर म्हणून आला. पँटच्या कापडासाठी पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्यानं सगळं कपाट खाली उतरवायला लावलं आणि शेवटी म्हणाला, "समदं चांगलं हाय, पर आता बघू दिवाळीला." मी चिडून विचारलं, "मास्तर, मग एवढा वेळ काय केलंत?" तर म्हणे, "वळख केली." तेव्हापासून तो मला हमीद्या म्हणायला लागला आणि मी त्याला सिदू. आमच्या ईदला शिरखुर्म्याचं पहिलं पातेलं त्याच्यासाठी निघायचं आणि त्यांच्या बिरोबाच्या जत्रेचा नारळ माझ्या गल्ल्यावर यायचा. भांडणं तर इतकी व्हायची की पेठेतले लोक खुर्च्या घेऊन बसायचे.

त्याच्या थोरल्या भावाचं नाव म्हाकू. दोघं लहान असतानाच बाप गेला. घरात दोन पोरं आणि एक कळप. एकानं मेंढरं राखायची आणि एकानं शाळेत जायचं, एवढंच शक्य होतं, आणि कुणी काय करायचं ते म्हाकूदानं परस्पर ठरवून टाकलं. सिदूला शाळेच्या फाटकात सोडलं आणि आपण काठी घेतली. पुढं जन्मभर तो माणूस दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आटपाडीहून आमच्या बाजूला चालत यायचा आणि पावसाच्या तोंडाला परत जायचा. उंब्रजच्या आसपास मोकळ्या रानात त्यांचा मुक्काम पडायचा. शेतात मेंढरं बसवली की खत मिळतं, म्हणून त्या काळी शेतकरी बोलावून घ्यायचे, वर धान्य द्यायचे. शाळा सुटली की सिदू त्याच कपड्यांवर सायकल हाणत मुक्कामावर जायचा. बरोबर मीही असायचो. नोकरीचा पहिला पगार झाला त्या वर्षी त्यानं माझ्यादेखत भावाला शब्द दिला होता, "दादा, नोकरी हाय तवर हाय. रिटायर झालो की मेंढरं माझी. तू बसून खायाचं." म्हाकूदा हसला होता. त्यानंतर त्यानं त्या शब्दाची आठवण कधी काढली नाही... आणि सिदू तो कधी विसरला नाही.

शब्द देणं सोपं असतं. सिदू रिटायर झाला आणि त्यानं पहिलं वर्ष घर रंगवण्यात घालवलं, दुसरं गुडघ्याच्या दुखण्यात. दरम्यान म्हाकूदाचा कळप रोडावत चालला. पूर्वीच्या मोकळ्या रानात ऊस आला, द्राक्षं आली, ठिबक आलं. शेताभोवती तारा आल्या. चौपदरी रस्ता ओलांडायचा म्हणजे धनगरानं जीव मुठीत धरायचा. मेंढरं आमच्या बाजूला आली की सिदू गप्प गप्प असायचा. मी डिवचायचो, "काय मास्तर, काठी कधी घेताय?" तो म्हणायचा, "घेनार. तुला का घाई?" पण त्याला काठीची लाज वाटत होती असं नव्हे. आपल्याला आता ते जमेल का, याचीच त्याला धास्ती होती.

अशात माझ्या लेकीनं, नसीमनं, मला विलायतेला बोलावलं. तिचा नवरा तिकडं औषधांच्या दुकानात कामाला आहे, वेल्सच्या हद्दीला लागून असलेल्या एका लहान गावात. मी एकटा यायला कुरकुर करतोय म्हटल्यावर ती म्हणाली, "अब्बा, सिदूचाचांना घेऊन या. तुम्हाला दोघांना सायकली भाड्यानं घेऊन देते, हिंडा गावोगाव." सिदूनं आधी आढेवेढे घेतले. मग पारूवहिनीच म्हणाल्या, "जावा की. हितं तरी काय उजेड पाडताय?" आणि आम्ही दोन म्हातारे उन्हाळ्याच्या ऐन भरात तिकडं जाऊन पोचलो.

ते दिवस सुखाचे होते, हे कबूल केलं पाहिजे. सकाळी निघायचं, संध्याकाळी एखाद्या खेड्यातल्या खाणावळीच्या माडीवर मुक्काम करायचा. रस्ते इतके अरुंद की दोन्ही हातांना झुडपांची कुंपणं लागावीत. कुंपणात पांढरी फुलं, मध्येच एक दगडी चर्च, चर्चच्या आवारात कबरी आणि कबरींमधून चरणारी मेंढरं. चढ यायचे, पण आपल्या घाटासारखे छाती फोडणारे नव्हेत. मागून मोटार आली की सिदू सवयीनं सायकलवरून उतरून पार झुडपात घुसायचा. एकदा त्याच्या मागं मोटारीतली बाई किती तरी वेळ तशीच थांबून राहिली. त्यालाच आधी जाऊ देत होती बिचारी! हे काय चाललंय ते त्याला कळेना. शेवटी त्यानं झुडपातूनच तिला हात जोडले. दोन दिवसांनी सरावला आणि मग रस्त्याच्या मधून जहागिरदारासारखा सायकल चालवायला लागला. वाटेत भेटेल त्याला "राम राम" घालायचा. ते लोकही हात वर करायचे. मी म्हणालो, "अरे, त्यांना काय कळतंय?" तर म्हणे, "रामराम कळाया लागत न्हाई. घालाया लागतो."

मेंढरं मात्र पाठ सोडेनात. ज्या वळणावर वळावं तिथं हिरव्या उतारावर मेंढरं. मी वैतागून म्हणालो, "मेंढरंच बघायची होती तर आटपाडी काय वाईट होतं? विमानाचं तिकीट तरी वाचलं असतं." सिदू ऐकतच नव्हता. तो प्रत्येक फाटकापाशी थांबायचा, आत बघायचा आणि एकच विचारायचा, "धनगर कुठाय?"

एका संध्याकाळी आम्ही मुक्कामाच्या गावाकडं निघालो होतो. रस्त्याच्या कडेला लाकडी फाटक, आत मोठा कळप, आयांच्या मागं मागं कोकरं आणि माणूस नावाला नाही. सिदू उतरला. फाटकापाशी बसलाच. मी म्हटलं, "चल, जेवण बंद होईल." तो म्हणाला, "गड्या, धनी न्हाई हितं." मी म्हणालो, "असेल घरी." "मेंढरं सोडून? दिस बुडताना?" मी समजावलं की इथं लांडगा नाही, कुंपण आहे, कायदा आहे. तो जागचा हलेना. म्हणाला, "आमच्यात वाटंला राखणीबिगर कळप घावला तर म्होरं जात न्हाईत. त्येचा मालक कुठंतरी पडला असंल, त्येला पान लागलं असंल. कुनी येईस्तवर आपुन बसायचं." पान लागणं म्हणजे साप चावणं. आटपाडीकडं भर संध्याकाळी साप असं नावसुद्धा घेत नाहीत.

बसलो. आता तिकडच्या उन्हाळ्याची गंमत अशी की दिवस बुडतच नाही. घड्याळात नऊ वाजून गेले तरी उतारावर ऊन. मी कंटाळलो, भुकेजलो, चिडलो, परत बसलो. सिदू फाटकाच्या वरच्या फळीवर हनुवटी ठेवून मेंढरं बघत होता. मध्येच म्हणाला, "म्हाकूदाची मेंढरं आज कुनाच्या रानात असतील रं?" मग तो आपला आपणच बोलत राहिला... थंडीतल्या वाटा, दादाचे फुटलेले पाय, आणि आपण शाळेत कवायत शिकवताना दर वर्षी दादा रस्त्यावरून कसा निघून जायचा ते. मुलांच्या रांगेपुढं उभं राहून त्याला हातही करता यायचा नाही म्हणाला.

शेवटी एक म्हातारा गाडी घेऊन आला. मागं कुत्रं. त्याला वाटलं आमची सायकल मोडली. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी त्याला सांगितलं की आम्ही या मेंढरांच्या धनगराची वाट बघतोय. तो आधी मोठ्यानं हसला. मग त्यानं सिदूकडं नीट पाहिलं आणि हसायचा थांबला. "मीच तो," म्हणाला. दिवसातून एकदा येऊन बघून जातो, म्हणाला. मुलगा लंडनला विम्याच्या कचेरीत असतो, त्याला याचं काही नाही, माझ्यामागं ही मेंढरं जातील, असंही त्यानं सांगितलं. मी सिदूला ते मराठीत सांगितलं. दोघं फाटकाच्या दोन बाजूंना उभे होते. सिदूनं त्याला रामराम घातला, सायकल उचलली आणि मुक्कामाच्या गावाकडं वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेड्याबाहेरच्या उतारावर तो एकदम ओरडला, "हमीद्या, मी मेंढरं घेनार!" मला वाटलं, उतारावर वारं प्यालाय. पण त्यानं सायकल थांबवली. गुडघ्याचं गुडघा बघून घेईल, म्हणाला. लांबच्या वाटा बंद झाल्या तर तालुक्यातल्या तालुक्यात चारीन, दादाला खाटेवर बसवीन, पारूला तिकडं घेऊन जाईन. मी इतक्या वर्षांत त्याला तसा हसताना पाहिला नव्हता. दुपारी नसीम आम्हाला भेटायला आली तेव्हाही तो तसाच होता, कानापासून कानापर्यंत. तिनं फोटो काढला. डोक्यावर गोल टोपी, हातात सायकल, मागं हिरवा डोंगर. सिदूनं तो लगेच पुतण्याच्या मोबाइलवर पाठवायला लावला, दादाला दाखव म्हणून.

मी म्हणालो, "फोटो कसला पाठवतोस? फोन लाव आणि सांग त्याला." त्यानं कानाला हात लावला. "असली गोष्ट फोनवर सांगत्यात व्हय? आदी बिरोबाला नारळ, मग दादाम्होरं बसून सांगायचं. देवाच्या आदी मानसाला सांगितलं तर त्ये लाभत न्हाई." त्यांच्यात तशी रीत आहे. मोठं काम ठरलं की आधी देवाच्या कानावर घालायचं. मी पडलो मुसलमान माणूस, त्यांच्या देवाच्या रीतीत मी काय बोलणार? आणखी तीन आठवडे आम्ही तिकडं काढले. तो रोज आटपाडीचे बेत करायचा.

परत आल्यावर एस.टी.नं आम्ही दोघं त्याच्या गावी गेलो. पिशवीत नारळ होता. बिरोबाच्या देवळाकडं जायची वाट म्हाकूदाच्या घरावरूनच जाते. घराला लागून मेंढवाडा. काट्याचं कुंपण तसंच होतं, आत झाडून काढलेलं होतं, आणि एकही मेंढरू नव्हतं. म्हाकूदा उंबऱ्यात बसला होता. आम्हाला बघून तो लहान पोरासारखा उठला. "ये सिदू, ये. मोकळा झालास बघ तू." सिदू उभाच राहिला. म्हाकूदा सांगत होता, "तुजा फोटू बगितला. जन्मात कवा तुला इतका हसताना बगितला न्हाई. म्या म्हटलं, ह्येला तिकडं बरं वाटतंय, आन् हितं ह्यो माज्या मेंढरांत गुतलाय. बोलत न्हाई, पर मला कळतंय न्हवं? त्याच आठवड्यात व्यापारी बलावला. इकली समदी. आता तुज्या डोक्यावर काय न्हाई. सायकल फिरीव निवांत."

मी सिदूच्या तोंडाकडं बघू शकलो नाही. ज्या हसण्यामुळं दादानं मेंढरं विकली, ते हसू मेंढरं मिळणार म्हणून होतं. हे त्या अंगणात मला ठाऊक होतं आणि त्याला. सिदू म्हणाला, "बरं केलंस, दादा." एवढंच बोलला. मग देवळात गेला आणि नारळ फोडला. कशासाठी फोडला ते मी विचारलं नाही.

परतीच्या एस.टी.त मी नाही नाही ते बोललो. म्हणालो, आपण दुसरी मेंढरं घेऊ, मी मदत करतो, अजून काही बिघडलेलं नाही. सिदू खिडकीबाहेर बघत म्हणाला, "येडा हायस. म्या मेंढरं घेतली की दादाला कळंल, ह्येला पायजे हुती. मग त्यो जगंल व्हय?" दादानं त्याला सुख द्यायला कळप मोडला होता, आणि दादाचं सुख टिकवायचं तर त्याला कायमचं सुखी दिसणं भाग होतं. उंब्रजला उतरताना त्यानं मला गळ्याची शपथ घातली, "त्येला कवा कळू द्यायचं न्हाई."

पुढचं वर्ष कसं गेलं ते लिहिण्यासारखं नाही. म्हाकूदाला दाखवायला तो सायकलीवरचे फोटो पाठवायचा, दर फोटोत हसत. रविवारी चाफळला यायचा, पण आता चढावर उतरून चालायचा. जेवण कमी झालं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, बारीकसारीक दुखणी काढली, गोळ्या दिल्या. मी त्याला ओरडलो, विनोद केले, दर्ग्यात जाऊन दुवा मागितली. काही लागू पडलं नाही. संध्याकाळी तो दुकानात येऊन बसायचा. दिवस बुडायला लागला की बोलता बोलता उठून दारात जायचा आणि अंधार पडेपर्यंत रस्त्याकडं बघत उभा राहायचा. गिऱ्हाईकं विचारायची, मास्तर कुणाची वाट बघतात? मी सांगायचो, एस.टी.ची. पहिल्यांदा मला वाटलं होतं, वेळ जाईल तसा माणूस सावरेल. सावरला नाही. दुःखावर काळ हे औषध म्हणतात. त्याच्या बाबतीत तर ते खोटं ठरलं. रात्री झोपला तो सकाळी उठला नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. असेल.

दिवसकार्य झाल्यानंतर मी आटपाडीला गेलो. म्हाकूदा त्याच उंबऱ्यात होता. मेंढवाड्यात आता पुतण्याची मोटरसायकल आणि सरपण. सुनेनं चहा आणून ठेवला. म्हाकूदानं कपाला हात लावला नाही. मग त्यानं मान वर करून विचारलं, "हमीदशेठ, तुमी त्येच्या जवळचं. एक इचारू? खरं सांगा... त्येला मेंढरं पायजे हुती का वं?"

मी पाच वेळा नमाज पढणारा माणूस आहे. दुकानात मीटरपट्टी कधी आखडती धरली नाही. त्या म्हाताऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन मी म्हणालो, "नाही, म्हाकूदा. त्याला काय करायची होती मेंढरं? त्याला सायकलच प्यारी." म्हाकूदानं मान हलवली. "मग बरं केलं म्या," म्हणाला. "जीव खात हुता माजा. सारखं वाटायचं, इकाया नगं हुती." मग त्यानं गार झालेला चहा बशीत ओतला आणि घोट घोट करून सगळा संपवला. मला स्टँडवर पोचवायला आलेला पुतण्या म्हणाला, "चाचा, सिदूतात्या गेल्यापास्नं आज पयल्यांदा आमच्या आण्णांनी कप रिकामा केला."

खोटं बोलल्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते याचं, की सिदूनं जन्मात एकच गोष्ट मनापासून मागितली, तीही उशिरा, आणि ती मागितल्याचं माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. म्हणून हे लिहिलं. म्हाकूदाला वाचता येत नाही, त्यांच्या घरात पेपर येत नाही. आटपाडीकडच्या कुणाच्या हाती हे पान पडलं, तर हात जोडून विनंती आहे, त्याला वाचून दाखवू नका.